आर.सी. कारची बॉडी : शोभेपलीकडचं कवच

रिमोटवर पळणारी म्हणजेच आर.सी. (रेडिओ कंट्रोल) गाडी म्हटली की लोकांना खेळण्यांचं दुकान आठवतं. पण १:१० आकाराची टूरिंग कार, म्हणजे साधारण सव्वा ते दीड किलोची रेसिंग आर.सी. गाडी, सरळ पट्ट्यावर ताशी ६० किलोमीटरच्या पुढे सहज जाते. चॅसिसवर बसणाऱ्या तिच्या प्लॅस्टिकच्या बॉडीबद्दल नवख्यांच्या मनात काही समज पक्के बसलेले असतात.

गैरसमज : एवढ्याशा गाडीला वारा काय करणार?
वस्तुस्थिती : मोठ्या मोटारीपेक्षा जास्तच करतो. लांबी, रुंदी, उंची दहापट कमी केली की पृष्ठभाग शंभरपट घटतो, वजन मात्र साधारण हजारपट. म्हणजे हवा जिथे दाबते वा उचलते, त्या पृष्ठभागाच्या मानाने गाडी फारच हलकी उरते. त्यात हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० चे ६० झाले की तो चौपट होतो. म्हणूनच संथ वळणावर दोन बॉडींतला फरक कळत नाही आणि वेगवान वळणावर लगेच कळतो.

गैरसमज : गाडी दहापट लहान, म्हणून ताशी ६० म्हणजे खरे ६००.
वस्तुस्थिती : गाडी लहान केली, हवा नाही. हवेच्या लेखी ते ६०च. उलट लहान आकारावर हवेचा चिकटपणा जास्त जाणवतो, त्यामुळे मोठ्या मोटारीवर जमलेला आकार इथे तसाच जमेल असं नाही.

गैरसमज : बॉडी जितकी हुबेहूब, तितकी चांगली.
वस्तुस्थिती : या समजाला इतिहास आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली आर.सी. कार आणली, ती पोर्शे ९३४ ची देखणी, कडक प्लॅस्टिकची प्रतिकृती होती. आजच्या रेसिंग बॉडी मात्र पातळ पॉलिकार्बोनेटच्या असतात. तापवलेला पत्रा साच्यावर निर्वाताने ओढून त्या घडवतात. नाव एखाद्या सेडानचं असलं, तरी पुढची काच बरीच पुढे सरकवलेली आणि बॉनेट आखूड असतं. त्यामुळे पुढच्या चाकांवर दाब येतो आणि स्टिअरिंग धारदार होतं.

गैरसमज : बॉडी जितकी पातळ, तितकी गाडी वेगवान.
वस्तुस्थिती : नेहमीचा पत्रा सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, हलका त्याहून पातळ. वर असलेलं वजन घटलं की गाडी वळणावर कमी कलते, हा फायदा खरा. पण फार पातळ बॉडी वेगात थरथरते, दबते, आकार बदलते आणि एका धडकेत तडकते.

गैरसमज : मोठी विंग लावली की पकड वाढली.
वस्तुस्थिती : मागची पकड वाढते, पुढची नाही. विंग मागच्या चाकांच्याही मागे असल्याने तिच्यावर दाब पडला की पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी वळायला नाही म्हणते. शिवाय वाढलेला अवरोध सरळ पट्ट्यावरचा वेग खातो. म्हणूनच बऱ्याच स्पर्धांत विंगच्या मापाला नियमांची मर्यादा असते.

गैरसमज : रंग कुठलाही चालतो, वरून मारला की झालं.
वस्तुस्थिती : बॉडी पारदर्शक असते, म्हणून रंग आतून मारतात, म्हणजे घासलं तरी तो टिकतो. आतून मारताना पहिला थर बाहेर दिसतो. फिक्यामागे गडद थर आला, तर तो फिक्यातून डोकावतो, त्यामुळे गडद रंग आधी, फिका नंतर. खिडक्या मास्किंगने झाकायच्या आणि बाहेरची संरक्षक फिल्म रंग सुकल्यावरच सोलायची. साध्या स्प्रेमधली रसायनं पॉलिकार्बोनेट ठिसूळ करू शकतात, म्हणून त्याच्यासाठीचाच रंग घ्यावा.

गैरसमज : बॉडी चार खांबांवर बसली, क्लिपा लागल्या, काम संपलं.
वस्तुस्थिती : तीच बॉडी दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकवली, तर पुढची पकड वाढते, मागे नेली, तर गाडी शांत होते. म्हणून भोकं पाडण्याआधी बॉडी चॅसिसवर ठेवून चाकांच्या कमानी जुळवा, खुणा करा, भोकं लहान पाडून रीमरने हळूहळू मोठी करा. चुकीच्या जागी पडलेलं भोक महागडी मोटर लावून भरून निघत नाही.