आकडा न कळणारा नॉब

जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण डावीकडे पिरगाळत नेलं की शेवटी ‘खट्’ वाजून रेडिओच बंद पडायचा. उजवीकडेही त्याला हद्द असायची. आत पोटेन्शिओमीटर होता. त्यात कार्बनच्या वर्तुळाकार पट्टीवर एक स्पर्शक सरकायचा आणि जेमतेम ३०० अंशांत पट्टी संपायची. बटण कुठे आहे, यावर आवाज किती हे ठरायचं. संगणकासाठी हौशी मंडळी घरी जो नॉब बनवतात, त्याला अशी हद्दच नाही. तो कितीही फिरतो. आवाज किती आहे हे त्याला कधीच कळत नाही, आणि त्याचं काम नीट होतं ते त्यामुळेच.

संगणकाचा आवाज बदलणारे बरेच जण असतात: माउस, कीबोर्ड, हेडफोनवरचं बटण. समजा, तिथे पोटेन्शिओमीटर जोडला आणि माउसने आवाज ८० वरून २० वर आणला. नॉब मात्र अजून ८० वरच उभा. त्याला जरा धक्का लागला की आवाज उसळून पुन्हा ८० वर. म्हणून नॉबने आकडा सांगूच नये. ‘एक पायरी वर’ किंवा ‘एक पायरी खाली’, एवढंच कळवावं.

बाजारात असा नॉब २००१ मध्येच आला होता. ग्रिफिन कंपनीचा ‘पॉवरमेट’ अॅल्युमिनियमचा, देखणा, तळाशी निळा उजेड असलेला. पण त्यासाठी कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर लागायचं आणि पुढे त्याचं उत्पादनही थांबलं. आज तो घरी करता येतो तो आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या कृपेने. ऑलिव्हेटी टाइपरायटरचं गाव असलेल्या इटलीतल्या इव्रेआमध्ये, तिथल्या डिझाइन संस्थेत २००५ मध्ये आर्डुइनो जन्मला. त्याचा लोकप्रिय ‘उनो’ बोर्ड मात्र इथे अडतो, कारण त्यावरची मुख्य चिप स्वतः यूएसबी बोलत नाही. २०१२ च्या ‘लिओनार्डो’वरची एटमेगा ३२यू४ ही चिप ते बोलते. तीच चिप अंगठ्याएवढ्या ‘प्रो मायक्रो’वर मिळते.

बोर्डानंतर दुसरा भाग रोटरी एन्कोडर, म्हणजे दांडा कुठल्या बाजूला फिरला हे सांगणारा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो. केवाय-०४० नावाच्या छोट्या पट्टीवर तो आधीच बसवलेला असतो आणि पिना पाच: वीज, ग्राउंड, दोन फिरण्याच्या, एक दाबण्याची. फिरण्याच्या दोन पिना बोर्डाच्या २ आणि ३ क्रमांकांना जोडल्या की तिथला बदल चिपला तत्क्षणी कळतो. दाबण्याच्या पिनेसाठी चिपमधला पुल-अप (पिन मोकळी असताना तिला १ वर धरून ठेवणारा रोध) प्रोग्राममधून चालू करून घ्यावा, म्हणजे बटण न दाबताच म्यूट होण्याचे प्रकार टळतात.

खरी गंमत त्या दोन पिनांत आहे. दांडा फिरताना दोन्ही संपर्क उघडतात-मिटतात, पण एक दुसऱ्याच्या किंचित आधी. स्थिर असताना दोघे ११. एका बाजूला फिरवलं की क्रम ०१, ००, १० आणि पुन्हा ११. उलट फिरवलं तर तोच क्रम उलटा. कोण आधी हललं, यावरून दिशा कळते. एका फेरीत २० खटके आणि दर खटक्याला चार बदल.

मात्र धातूचे संपर्क एका झटक्यात मिटत नाहीत. काही मिलिसेकंद ते थरथरतात आणि एका खटक्याचे तीन-चार मोजले जातात. आवाज वाढवायला जावं तर तो मधूनच कमी होतो. यावर थोडं थांबून वाचण्याचा उपाय सगळे आधी करतात, पण भरभर फिरवलं की त्यात खटके गळतात. त्याहून चोख उपाय म्हणजे १६ घरांचा तक्ता. आधीची अवस्था चार प्रकारची, आताची चार प्रकारची. त्यांतल्या चार जोड्यांत बदलच नाही, चार पुढे जाण्याच्या, चार मागे येण्याच्या. उरलेल्या चारांत दोन्ही संपर्क एकदम बदललेले दिसतात, त्या सरळ सोडून द्यायच्या. थरथरणारा संपर्क मग अधिक एक, उणे एक करत स्वतःच हिशेब मिटवतो. बेरीज चार झाली की एक पायरी.

ही पायरी संगणकाला सांगायला ड्रायव्हर लागत नाही. यूएसबीच्या एचआयडी, म्हणजे कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांच्या, नियमांत माध्यम-बटणांचे क्रमांक ठरलेले आहेत: आवाज वाढवा २३३, कमी करा २३४, प्ले-पॉज २०५. आर्डुइनोची नेहमीची कीबोर्ड लायब्ररी हे पाठवत नाही, ‘एचआयडी-प्रोजेक्ट’ पाठवते. विंडोजमध्ये दर पायरीला आवाज दोनने बदलतो, म्हणजे शून्यापासून शंभरापर्यंत अडीच फेऱ्या. ज्यांना हे संथ वाटतं ते भरभर फिरवल्यावर एका खटक्याला दोन पायऱ्या पाठवतात.

प्रोग्राममधले हे क्रमांक बदलले की तोच नॉब गाणी पुढे-मागे करतो. माउसच्या चाकाचा संदेश पाठवला तर पानं सरकवतो, बाणाच्या कळांचा पाठवला तर व्हिडिओच्या संपादनात एकेक चौकट पुढे नेतो. प्रत्येक ठिकाणी मोजदाद दुसऱ्याकडे आणि नॉबकडे फक्त दिशा. पोटेन्शिओमीटरला हे एवढ्या सहज जमलं नसतं, कारण त्याचा आरंभ आणि शेवट कारखान्यातच ठरून येतो.