उपजत व्याधींची ओळख : लेखांक ५ — कुबट दर्प आणि हिरवा रंग

गेल्या सप्ताहात रक्ताच्या आनुवंशिक दोषांचा विचार झाला. आजच्या व्याधीचे मूळ यकृतात असून तिचा आघात मात्र मेंदूवर होतो. तिचे नाव फेनिलकीटोन्यूरिया.

नॉर्वेतील एका मातेची दोन अपत्ये, जन्मतः निकोप दिसत असूनही, बुद्धीने मागे पडत गेली, आणि त्यांच्या अंगाला येणाऱ्या विलक्षण कुबट दर्पाचा उलगडा एकाही वैद्याला होईना. तरीही ही बाई दाद मागत राहिली आणि अखेर १९३४ साली, वैद्यक व रसायन या दोन्ही शास्त्रांत पारंगत असलेल्या ऑस्लोच्या आस्ब्यर्न फोलिंग यांच्यापर्यंत पोहोचली. मुलांच्या मूत्रात फेरिक क्लोराइड मिसळताच गडद हिरवा रंग आला. असा रंग कोणत्याही ग्रंथात नोंदलेला नव्हता. फोलिंग यांनी मातेकडून मूत्राच्या बाटल्यांमागून बाटल्या मागवून त्यातून फेनिलपायरुव्हिक आम्ल वेगळे काढले, आणि पुढे मतिमंदांच्या संस्थांतील ४३० जणांची तपासणी करून आणखी ८ रुग्ण शोधले.

कारण असे, की प्रथिनांतील फेनिलॲलॅनिन या घटकाचे टायरोसीनमध्ये रूपांतर करणारे यकृतातील विकर, मातापिता दोघांकडून सदोष जनुक आलेल्या बालकात निकामी असते; तेव्हा आईच्या दुधातूनही आलेला तो घटक रक्तात साचत जातो आणि वाढत्या मेंदूस बाधतो.

निदान झाले, इलाज नव्हता. बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात होर्स्ट बिकेल यांच्यामागे दुसऱ्या एका मातेने इलाजाचा तगादा लावला, तेव्हा कोळशातून गाळून फेनिलॲलॅनिन काढून टाकलेले प्रथिनद्रव्य तिच्या कन्येस देण्यात आले. मुलगी रांगू लागली, डोके आपटणे थांबले. मग खातरजमेसाठी तोच घटक मातेच्या नकळत आहारात पुन्हा मिसळला गेला, आणि मुलीने मिळवलेले सारे अल्पावधीत गमावले. १९५३ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. शास्त्रीय पुरावा म्हणून तो निर्विवाद होता. आईला अंधारात ठेवणे मात्र, माझ्या मते, कोणत्याही पुराव्याने समर्थनीय ठरत नाही.

पुढचे पाऊल अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांचे. पुत्र मतिमंद, मेव्हणीची मुलगी याच व्याधीने ग्रस्त; अशा या गृहस्थाने १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत बालकाच्या टाचेतून घेतलेल्या, गाळणकागदावर टिपलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून निदान करण्याची स्वस्त युक्ती सिद्ध केली. हा ठिपका जन्मताच नव्हे, तर बालक दूध पिऊ लागल्यावर साधारण एका दिवसानंतर घ्यावा लागतो, कारण जन्मापर्यंत गर्भातील बालकाचा फेनिलॲलॅनिनचा भार मातेचे शरीर वाहत असल्यामुळे आरंभी रक्त निर्दोष दिसू शकते. पथ्यातही तो घटक पूर्णतः वर्ज्य करता येत नाही. शरीर तो स्वतः घडवीत नसल्याने वाढीपुरता द्यावाच लागतो, आणि किती द्यावा हे वारंवार रक्त तपासूनच ठरते.