रंगगोळीची बंदूक : दारूचा समज आणि दाबाची वस्तुस्थिती

पेंटबॉलच्या खेळाविषयी चार शब्द बोलावयास घ्यावे, तोच ऐकणाऱ्यांपैकी एखादे गृहस्थ हमखास विचारतात, "पण त्या बंदुकीत दारू कितीशी भरतात हो?" ज्या नागपुरात अंबाझरीची आयुध निर्माणी आहे आणि साऱ्या देशातील स्फोटक पदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’ या सरकारी संघटनेचे मुख्यालय जेथे सेमिनरी हिल्सवर आहे, त्या नागपुरात हा प्रश्न वारंवार कानी पडावा, याचे प्रथम नवल वाटते आणि पुढे पुढे, खरे सांगावयाचे तर, वैताग येतो. उत्तर अगदी थोडक्यात देता येते : दारू मुळीच नसते. काडतूस नाही, ठिणगी नाही, ज्वलनही नाही.

मार्करला, म्हणजे या बंदुकीला, जोडलेल्या सिलिंडरात एकतर द्रवरूप कार्बन डायऑक्साइड असतो, किंवा २०० ते ३०० बार दाबाने कोंडलेली साधी हवा. साध्या यांत्रिक मार्करात चाप ओढला की खटक्यातून सुटलेला हातोडा स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो, त्याच्यासवे सरकणारा बोल्ट हॉपरमधून, म्हणजे गोळ्यांच्या डब्यातून, उतरलेली गोळी नळीत लोटतो आणि हातोडा झडपेवर आदळून ती निमिषमात्र उघडतो. त्या निमिषात निसटलेल्या वायूचा एक हिस्सा गोळीला नळीबाहेर फेकतो, तर दुसरा हिस्सा हातोड्याला मागे रेटून पुढच्या गोळीसाठी पुन्हा खटक्यात अडकवितो. जो आवाज होतो तो कोंडलेला वायू एकाएकी मोकळा झाल्याचा, आणि ज्याला लोक धूर म्हणतात ते प्रसरणाने थंड झालेल्या वायूमुळे हवेतील बाष्पाचे झालेले क्षणिक धुके. दारूच्या समजाचे मूळ बहुधा याच धुक्यात असावे.

या यंत्राचा जन्मही रणांगणावरचा नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील नेल्सन पेंट कंपनीने ते बनवून घेतले, ते तोडावयाचे झाड किंवा कळपातील जनावर दुरूनच रंगाने खुणावता यावे एवढ्याचसाठी. आपल्याकडील वनखाते जे काम निशाणीच्या हातोड्याने करीत आले, तेच हे काम. खेळ म्हणून त्याचा पहिला डाव २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर संस्थानातील हेनिकर येथे बारा जणांत झाला, आणि जो जिंकला त्याने एकही गोळी न झाडता सारी निशाणे हस्तगत केली. हा खेळ म्हणजे निव्वळ गोळीबार, असे म्हणणाऱ्यांनी एवढा दाखला ध्यानी ठेवावा.

प्रकारांचा तपशील असा. पंपाच्या मार्करात प्रत्येक गोळीमागे दांडा हाताने मागेपुढे सारावा लागतो. अर्धस्वयंचलित यांत्रिक मार्करात ते काम वर सांगितल्याप्रमाणे वायूच करतो, आणि भाड्याने मिळणारे मार्कर बहुधा याच जातीचे असतात. विद्युत्-वायुचलित मार्करात चाप हा केवळ विजेचा स्विच असून बॅटरीवर चालणारी झडप काही सहस्रांश सेकंद उघडते. हॉपरऐवजी मॅगझिन लावलेले प्रकारही आहेत, आणि लहान मुलांसाठी सौम्य माऱ्याच्या ०.५० इंची गोळ्यांचे.

किरकोळ समज एकेका ओळीत निकालात काढतो. महाग मार्कर अधिक जोराने मारतो? नाही, वेग नियामकाने ठरतो आणि मैदानावर वेगमापकाने तपासला जातो, जास्त पैशाने मिळते ती सफाई आणि गती. गोळीत तैलरंग असतो? नाही, जिलेटिनच्या कवचात पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि पाण्याने धुऊन जाणारा रंग असतो. मोटारसायकलचा चष्मा पुरतो? मुळीच नाही, एएसटीएम एफ १७७६ हे मानक केवळ पेंटबॉलच्या नेत्ररक्षणासाठीच ठरविलेले आहे.

मात्र दारू नाही असे समजताच हेच गृहस्थ "मग खेळणेच की!" असे म्हणून मोकळे होतात, आणि हा दुसरा समज पहिल्याहून घातक आहे. ०.६८ इंच व्यासाची, सुमारे तीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ९१ मीटर या प्रचलित कमाल वेगाने सुटली, तर तिच्यात सुमारे साडेबारा जूल ऊर्जा असते; ती त्वचेवर वळ उठविते, पण उघडा डोळा कायमचा निकामी करू शकते. कायद्याचेही तसेच : शस्त्र अधिनियम, १९५९ मधील अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाच्या जोडीला ‘अन्य प्रकारची ऊर्जा’ही अंतर्भूत आहे, तेव्हा दारू नाही म्हणजे कायदाही नाही, हा युक्तिवाद टिकणारा नव्हे.

आणि नागपूरकरांनी सर्वाधिक जपावे ते सिलिंडराला. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी द्रवरूपात राहत नाही. २१ अंशांवर सुमारे ५८ बार असलेला दाब, वैशाखात उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेल्या काठोकाठ भरल्या सिलिंडरात, दुपटीपलीकडे जाऊ शकतो. सकाळी बेताचा असलेला गोळीचा वेगही दुपारी वाढतो तो याच कारणाने. दाबाखालील वायूंच्या सिलिंडरांचे नियम, म्हणजे गॅस सिलिंडर नियम, २०१६, हे १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखालीच केलेले असून त्यांची अंमलबजावणी सेमिनरी हिल्सवरची तीच ‘पेसो’ करते. दारूशिवायही दाब किती दारुण ठरू शकतो, याची सरकारदरबारी याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

तेव्हा मैदानावर गेल्यावर दारूची चौकशी करू नये. सिलिंडराची दाबचाचणी कधी झाली, वेग आज दुपारी मोजला का, आणि मुखवटा कोणत्या मानकाचा आहे, हे तीन प्रश्न विचारावेत, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मुलांना घेऊन सरळ घरी परतावे.