दूध-तुपावाचूनचे पाच पदार्थ आणि आपले ताट

शहरात शिकायला गेलेली आपली मुले-मुली सुट्टीत गावी येतात, तेव्हा हल्ली एक नवा शब्द सोबत आणतात. तो शब्द म्हणजे ‘व्हीगन’. मांस, मासे, अंडी तर नाहीतच. पण दूध, दही, तूप आणि मधसुद्धा खायचे नाही, असा हा आहार. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शब्द तयार केला व त्याच नावाची संस्था काढली. माणसाच्या जिभेसाठी जनावराला त्रास होऊ नये, ही त्यामागची भावना. आज जगभर या आहाराची पाककृतींची जाडजूड पुस्तके निघतात. त्यांत बदामाचे दूध असते, सोयाबीनचे पनीर असते, काजूचे लोणी असते.

हे जिन्नस सोनईच्या आठवडे बाजारात शोधून सापडायचे नाहीत, आणि सापडले तरी आपल्या खिशाला झेपायचे नाहीत. पण भगिनींनो, त्यावाचून आपले काही अडत नाही. दूध-तुपावाचून चवदार आणि अंगी लागणारे जेवण कसे करावे, हे आपल्या आया-आज्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. त्यांच्या हातचे पाच पदार्थ या अंकात देत आहे. मात्र कृतीकडे वळण्याआधी या जेवणाचा इतिहास माहीत करून घेऊ. तो माहीत नसला, तर उद्या कुणीही येऊन आपलेच ताट आपल्याला नव्या नावाने शिकवील.

तुपाचा गुन्हा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ हे भाषण लिहिले. त्यात त्यांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची घटना दिली आहे. तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या जातभाईंना जेवण घातले आणि त्यात तुपाचे पदार्थ केले. पंगत बसली असतानाच सवर्णांचा जमाव लाठ्या घेऊन आला. अन्न नासवले, जेवणाऱ्यांना मारहाण केली. तूप त्या माणसाने स्वतःच्या पैशाचे आणले होते. पण अस्पृश्याने तूप वाढावे आणि अस्पृश्यांनी ते खावे, हा सवर्णांना आपल्या प्रतिष्ठेचा अपमान वाटला.

आपल्या जुन्या जेवणात तूप का नव्हते, याचे उत्तर या एका घटनेत आहे. गरिबी होतीच, पण तिच्यामागे जातीचा दंडाही होता. येसकरपाळीत दारोदार मागून आणलेली भाकरी, उरलेसुरले अन्न, मेलेल्या जनावराचे मांस, हेच आपल्या वाट्याला ठेवले होते. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले धामणगाव हे दया पवारांचे गाव. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, तेव्हा त्या जगण्याचे चित्र पांढरपेशा वाचकांनी पहिल्यांदा पाहिले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, ते याच पार्श्वभूमीवर. लाचारीचे अन्न सोडा, कष्टाचे आणि मानाचे अन्न खा, हा त्याचा अर्थ.

मराठवाड्याचे लेखक शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले. महार आणि मांग समाजाच्या घरांत काय शिजत होते, कसे शिजत होते, याची नोंद त्यात आठवणी आणि पाककृतींसह आहे. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. त्या पुस्तकात मांसाचे पदार्थही आहेत, त्यामुळे ते व्हीगन पुस्तक नव्हे. पण तेल, तूप आणि दूध यांना पारखे झालेले ताट म्हणजे काय, हे त्याच्याइतके स्पष्टपणे क्वचितच कुणी लिहिले असेल. पुढील कृती मात्र त्या पुस्तकातून उतरवलेल्या नाहीत. आमच्या नेवासा भागात घरोघरी होतात तशा दिल्या आहेत. प्रमाण साधारण पाच माणसांचे आहे.

१. हुलग्याचे शेंगोळे

साहित्य : हुलग्याचे पीठ २ वाट्या, ज्वारीचे पीठ पाव वाटी, लसणाच्या १० पाकळ्या, हिरव्या मिरच्या ४, जिरे १ चमचा, हळद, मीठ, कोथिंबीर, दाण्याचे कूट २ चमचे, तेल २ चमचे.

कृती : लसूण, मिरच्या आणि जिरे पाट्यावर वाटून घ्यावे. दोन्ही पिठे एकत्र करून त्यात निम्मे वाटण, हळद आणि मीठ घालावे व गार पाण्याने घट्ट मळावे. हाताला तेलाचे बोट लावून पिठाच्या करंगळीएवढ्या वळ्या कराव्यात आणि टोके जोडून कडी करावी. पातेल्यात तेल तापवून उरलेले वाटण परतावे, ६ वाट्या पाणी, दाण्याचे कूट व चवीपुरते मीठ घालावे. पाण्याला खळखळून उकळी आली की शेंगोळे एकेक करून सोडावेत. लगेच ढवळू नये, मोडतात. मध्यम आचेवर २० मिनिटे शिजू द्यावे. रस्सा पिठाने आपोआप दाट होतो. वरून कोथिंबीर घालावी. थंडी-पावसात यासारखे जेवण नाही.

शंभर ग्रॅम हुलग्यात २० ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. घोड्याचा खुराक म्हणून हिणवले गेलेले हे कडधान्य गरिबाच्या घरात डाळीची उणीव भरून काढत होते.

२. अंबाडीची भाजी

साहित्य : अंबाडीची १ मोठी जुडी, ज्वारीच्या कण्या अर्धी वाटी, तूरडाळ पाव वाटी, शेंगदाणे मूठभर, लसणाच्या ८ पाकळ्या, सुक्या लाल मिरच्या ३, हळद, मीठ, तेल २ चमचे.

कृती : अंबाडीची पाने खुडून धुवावीत, उकडावीत आणि आंबट पाणी पिळून टाकावे. डाळ, कण्या आणि शेंगदाणे एकत्र मऊ शिजवावेत. त्यात अंबाडी घालून पळीने घोटावे, हळद-मीठ घालून पाच मिनिटे रटरटू द्यावे. छोट्या कढईत तेल तापवून ठेचलेला लसूण तांबूस करावा, मिरच्या घालाव्यात आणि ही फोडणी भाजीवर ओतावी. तेल थोडे असले तरी वरून घातल्यामुळे प्रत्येक घासाला लसणाचा वास लागतो. तेल थेंबाथेंबाने वापरावे लागे, तेव्हा आपल्या बायांनी काढलेली ही युक्ती आहे. शेजारच्या शनिशिंगणापुरात शिळेवर तेलाचे डबे ओतले जातात. त्याच परिसरातील आपल्या घरांत फोडणीला तेल पुरवून वापरावे लागत होते, हा विरोधाभास ध्यानात असू द्यावा.

३. येसर आमटी

साहित्य (येसरासाठी) : बाजरी १ वाटी, गहू अर्धी वाटी, हरभरा डाळ अर्धी वाटी, धणे अर्धी वाटी, जिरे २ चमचे, मिरे १ चमचा, लवंगा ८, दगडफूल थोडे.

कृती : सर्व जिन्नस वेगवेगळे खमंग भाजून एकत्र दळून आणावेत. कोरड्या बरणीत हे येसर दोन-तीन महिने टिकते. आमटीसाठी ५ चमचे येसर वाटीभर गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावे. तेलात ठेचलेला लसूण आणि चिरलेला कांदा परतून लाल तिखट घालावे, लगेच ६ वाट्या पाणी ओतावे. उकळी आल्यावर कालवलेले येसर धार धरून सोडावे, मीठ घालावे आणि दहा-बारा मिनिटे उकळावे. घरात भाजी नसली, अचानक पाहुणे आले, तरी बाजरीची भाकरी कुस्करून खायला ही आमटी पुरी पडते.

४. कारळ्याची चटणी

साहित्य : कारळे १ वाटी, लसणाच्या ८ पाकळ्या, लाल तिखट २ चमचे, मीठ.

कृती : कारळे निवडून मंद आचेवर कोरडेच भाजावेत. तडतडू लागले की उतरवावेत. गार झाल्यावर लसूण, तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटावे. कारळ्यातच तेल असते, वेगळे घालावे लागत नाही. ही चटणी पंधरा दिवस सहज टिकते आणि मुलांच्या डब्याला सोयीची पडते.

५. वैशाख पौर्णिमेची खीर, दुधावाचून

साहित्य : गव्हाचा दलिया १ वाटी, शेंगदाणे पाऊण वाटी, गूळ पाऊण वाटी, सुंठपूड अर्धा चमचा, वेलदोडे ३, चिमूटभर मीठ.

कृती : शेंगदाणे चार-पाच तास भिजवून साले काढावीत. २ वाट्या पाणी घालून बारीक वाटावेत आणि पातळ फडक्यातून गाळावेत. हे झाले शेंगदाण्याचे दूध. ते मंद आचेवर ढवळत दहा मिनिटे उकळून घ्यावे. दलिया कोरडा भाजून ४ वाट्या पाण्यात मऊ शिजवावा, त्यात गूळ व मीठ घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. विस्तवावरून उतरवून थोडे निवले की शेंगदाण्याचे दूध, सुंठ आणि वेलदोडे घालावेत.

सुजाताने सिद्धार्थ गौतमाला दिलेली खीर दुधाची होती, आणि विहारात ती दुधाचीच करावयाची असेल तर अवश्य करावी. ज्यांना दूध पचत नाही किंवा परवडत नाही, त्यांच्या घरीही पौर्णिमा गोड व्हावी म्हणून ही कृती दिली आहे.

दोन सूचना

पहिली सूचना आरोग्याची. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ज्यांनी दूध-अंडीसुद्धा पूर्ण सोडली आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी घ्यावी. गरोदर भगिनींनी आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हे आधी विचारावे. बाजरी, हुलगे आणि पालेभाज्यांतील लोह अंगी लागावे म्हणून जेवताना लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

दुसरी सूचना रानभाजीची. मुळा धरणाचे पाणी आणि साखर कारखाना आल्यापासून आमच्या भागात बाजरीच्या जागी ऊस आला. बांधावरची तांदुळजा, घोळ, पाथरी या भाज्या पूर्वी फुकट मिळत. आता उसात तणनाशक फवारतात. फवारलेल्या रानातून भाजी खुडू नये. त्यापेक्षा परसात चार वाफे करावेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या आदिवासी भगिनी राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बी आपल्या घरात असेल तर भाजीसाठी कुणाचे तोंड पाहावे लागत नाही, हा त्यांच्या कामातून घेण्यासारखा धडा आहे.

आपली निवड, आपला मान

आता मुख्य मुद्दा. जनावरावर दया म्हणून कुणी दूध-मांस सोडले, तर त्याचा आपण आदर करू. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. मांसाहार सोडण्याची मात्र नाही. देवदत्ताने भिक्खूंना मासे-मांस कायमचे बंद करावे अशी मागणी केली, तेव्हा भगवान बुद्धांनी ती सक्ती नाकारली. सुत्तनिपातातील आमगंध सुत्तात तर स्पष्ट सांगितले आहे की, दुर्गंधी मांस खाण्याने येत नाही. हिंसा, चोरी, खोटेपणा, कपट यांनी येते. माणसाची शुद्धता त्याच्या ताटावरून मोजायची नसते, हा धम्माचा विचार आहे. ती ताटावरून मोजणारी व्यवस्था कोणती, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून सोडणे आणि हिरावणे यांतला फरक आपण विसरता कामा नये. महाराष्ट्रातील शाळांच्या पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्यातून एक अंडे देण्यास सुरुवात झाली. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय होती. २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि ते लोकवर्गणीवर सोपवले. ज्याच्या घरी रोज दूध-तूप आहे, त्याच्या मुलाचे यात काही बिघडले नाही. मजुराच्या मुलाचे मात्र एक अंडे गेले. त्याने ते स्वतःहून सोडलेले नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी सभेत हा विषय काढावा, लेखी मागणी करावी आणि तिची पोच घ्यावी.

तसेच बाजरी-ज्वारीचे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि आपल्या सरकारने या धान्यांना ‘श्रीअन्न’ असे नाव दिले. नाव चांगले आहे. पण हे अन्न पिढ्यान्पिढ्या जिवंत ठेवणाऱ्या बायांचे नाव कुठल्या पाकिटावर छापलेले नाही. ते आपणच लिहून ठेवायचे आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायांपाशी बसा, त्यांच्या कृती वहीत उतरवा, कुणाकडून शिकलात तेही लिहा. मुलाच्या हातीही लाटणे-पळी द्या, स्वयंपाक एकट्या मुलीचा नव्हे.

सिद्धार्थाने सहा वर्षे देह सुकवून पाहिला आणि उपासमारीत ज्ञान नाही हे ओळखून सुजाताची खीर स्वीकारली. तोच मध्यम मार्ग आपल्या चुलीपाशीही चालतो. शेंगोळे आवडीने खा, येसर आमटी अभिमानाने पाहुण्यांना वाढा. आणि ज्या दिवशी मनात येईल त्या दिवशी गरम भाकरीवर तुपाची धारही धरा. चकवाऱ्याच्या त्या पंगतीला तो घास सुखाने खाऊ दिला गेला नव्हता.

जय भीम! नमो बुद्धाय!