गाभाऱ्याबाहेरचा पहारा

२२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात उज्जैनला सिंहस्थ भरला. क्षिप्रेच्या रामघाटावर स्नानाला आलेल्या असंख्य भाविकांच्या खिशात तेव्हा अँड्रॉइड फोन होता. घाटावरचे व्हिडिओ त्याच फोनवरून गावाकडे जात होते आणि गर्दीत चुकामूक झालेल्या नातेवाइकांचा शोधही त्याच्यावरूनच चालला होता. या फोनांमधला एक मोठा धोका आदल्या वर्षीच उघड झाला होता. जुलै २०१५ मध्ये झिंपेरियम या कंपनीतले संशोधक जोशुआ ड्रेक यांनी अँड्रॉइडच्या ‘स्टेजफ्राइट’ या भागातल्या त्रुटी जाहीर केल्या. मुद्दाम बिघडवलेला व्हिडिओ एमएमएसने आला, तर तो उघडायच्या आधीच फोन हल्लेखोराच्या ताब्यात जाऊ शकत होता. असे सुमारे ९५ कोटी फोन वापरात असल्याचा कंपनीचा अंदाज होता.

त्रुटी दुरुस्त झाल्या, पण एक प्रश्न उरला. व्हिडिओ वाचून दाखवणे एवढेच ज्याचे काम, त्या प्रोग्रामला बाकीचे इतके अधिकार मुळात हवेत कशाला? त्याचे उत्तर सिंहस्थ आटोपल्यावर तीन महिन्यांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, अँड्रॉइड ७ मध्ये आले. व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या त्या एकाच मोठ्या प्रोग्रामचे तुकडे केले गेले आणि फाइल वाचणे, ती उलगडणे अशी जोखमीची कामे करणाऱ्या तुकड्यांना कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, काय मागता येईल याच्या याद्या ठरवून दिल्या. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ८ ने प्रत्येक अ‍ॅपवर असाच पहारा बसवला. २०२८ च्या सिंहस्थाला येणारा फोन आणि २०१६ चा फोन यांच्यात कॅमेरा आणि बॅटरीपलीकडचा फरक आहे तो हा. या पहाऱ्याला सिस्टीम कॉल फिल्टरिंग म्हणतात.

मागणे आणि देणे

संगणक असो की फोन, त्याच्या हार्डवेअरवर खरी सत्ता कर्नलची असते. मेमरी, डिस्क, नेटवर्क, कॅमेरा या सगळ्याचा ताबा त्याच्याकडे. उज्जैनच्या गोपाळ मंदिराजवळचा दुकानदार यूपीआयने पैसे घेतो तेव्हा त्याच्या फोनमधले अ‍ॅप स्वतः एकही बाइट नेटवर्कवर पाठवू शकत नाही. ते कर्नलला सांगते, ‘एवढी माहिती पाठव’. फाइल उघडायची, मेमरी वाढवून घ्यायची, दुसरा प्रोग्राम सुरू करायचा, तरी तीच रीत. या प्रत्येक मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात आणि प्रत्येकीला एक क्रमांक असतो. लिनक्समध्ये असे तीनशेहून अधिक कॉल आहेत. अँड्रॉइडच्या पोटात हाच लिनक्स कर्नल आहे.

महाकालेश्वर मंदिरात २०२३ पासून सर्वसामान्य भाविकांना गाभाऱ्यात प्रवेश नाही; दर्शन बाहेरून घ्यायचे आणि आतले विधी पुजाऱ्यांनी करायचे. प्रोग्रामही असाच कायम गाभाऱ्याबाहेर असतो. त्याने मागणी उंबरठ्यावर ठेवायची, आतले काम कर्नलने करायचे. पण बाहेरून आलेली प्रत्येक मागणी आत ऐकून घेतली जाते, आणि घोळ होतो तो तिथेच. तीनशे प्रकारच्या मागण्या हाताळणाऱ्या लाखो ओळींच्या कोडमध्ये कुठे तरी चूक राहतेच. हल्लेखोर आधी एखाद्या साध्या अ‍ॅपवर ताबा मिळवतो, मग त्या अ‍ॅपच्या तोंडून कर्नलमधल्या नेमक्या चुकीला धक्का देणारी विचित्र मागणी करवतो. कर्नल फसला की सगळे यंत्र त्याच्या हाती जाते.

फिल्टरमागचा विचार सरळ आहे. जे कॉल या प्रोग्रामला कधीच लागणार नाहीत, ते त्याच्यापुरते बंद करून टाकायचे. मग त्या कॉलच्या कोडमध्ये आज कोणालाच माहीत नसलेली चूक असली, तरी या प्रोग्राममधून तिथवर पोहोचता येत नाही.

चार कॉलांपासून सुरुवात

लिनक्समध्ये ही सोय २००५ साली, २.६.१२ या आवृत्तीत आली. इटलीचे आंद्रेआ आर्केंजेली यांनी ती लिहिली आणि तिला सेक्कॉम्प हे नाव मिळाले. त्यांच्या मनात एक व्यवसाय होता: लोकांनी आपल्या संगणकाचा रिकामा वेळ भाड्याने द्यायचा आणि त्यावर परक्या माणसाचे गणित चालवायचे. परक्याचा कोड आपल्या यंत्रावर चालवायचा तर बंधनही तितकेच कडक हवे. म्हणून त्यांनी चारच कॉल ठेवले: वाचणे, लिहिणे, बाहेर पडणे आणि सिग्नल हाताळून परत येणे. पाचवा कॉल केला की प्रोग्राम तिथल्या तिथे ठार.

हे बंधन इतके कडक होते की फारसे कोणी ते वापरले नाही. २००९ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ते कोणी वापरते तरी का, असे विचारले. तेव्हा गूगलच्या अभियंत्यांनी सांगितले की क्रोम ब्राउझरसाठी त्यांना ते हवे आहे. ब्राउझर दिवसभर अनोळखी वेबसाइटींचा कोड चालवत असतो. फिल्टरची त्याच्याइतकी गरज कोणाला असणार? पण ब्राउझरचा कारभार चार कॉलांत भागत नाही. यादी प्रत्येक प्रोग्रामला स्वतःपुरती ठरवता यायला हवी होती.

ही यादी कर्नलला कोणत्या भाषेत सांगायची यावर तीन वर्षे प्रस्ताव येत राहिले आणि फेटाळले गेले. तोडगा मिळाला तो जुन्या अवजारात. नेटवर्कवरचे पॅकेट गाळण्यासाठी स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी नव्वदीच्या सुरुवातीला बर्कले पॅकेट फिल्टर, म्हणजे बीपीएफ, तयार केले होते. त्यात लिहिलेला प्रोग्राम अगदी छोटा असतो, तो हमखास संपतो आणि चालवण्याआधी कर्नल त्याची तपासणी करतो. गूगलचे विल ड्रुरी यांनी पॅकेटच्या जागी सिस्टीम कॉल ठेवला. जुलै २०१२ मध्ये लिनक्स ३.५ सोबत ही व्यवस्था सर्वांना खुली झाली.

आता प्रत्येक कॉलच्या वेळी हा छोटा प्रोग्राम आधी चालतो. त्याला कॉलचा क्रमांक, प्रोसेसरचा प्रकार आणि कॉलसोबतच्या सहा किमती दिसतात. तो सांगतो: जाऊ दे, नकार दे किंवा मारून टाक. एकदा लावलेला फिल्टर काढता येत नाही आणि त्या प्रोग्रामने जन्माला घातलेल्या प्रत्येक प्रोग्रामला तो वारशाने मिळतो. या व्यवस्थेतला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. प्रोग्राम शुद्धीवर असताना, परक्या डेटाला हात लावायच्या आधी, आपले अधिकार स्वतःहून सोडतो. पुढे हल्लेखोराने त्याचा ताबा घेतला तरी सोडलेले अधिकार परत मिळत नाहीत.

नकाराचे धोके

वाटते तितके हे सोपे नाही. अधिकार काढून घेण्यानेही भगदाड पडू शकते, हे लिनक्सने २००० साली अनुभवले. सेंडमेल हा ईमेल पोहोचवणारा प्रोग्राम प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने सुरू व्हायचा आणि मग एका कॉलने ते अधिकार सोडायचा. तेव्हाच्या कर्नलमधल्या त्रुटीमुळे एखादा साधा वापरकर्ता तो कॉल आधीच निकामी करून सेंडमेल सुरू करू शकत होता. सेंडमेलला वाटे की आपण अधिकार सोडले; प्रत्यक्षात ते तसेच राहत. कॉल यशस्वी झाला की नाही हे तो तपासत नव्हता. सुरक्षेसाठी केलेल्या सोयीतूनच यंत्र हाती लागत होते.

हा धडा लक्षात ठेवून २०१२ मध्ये फिल्टरसोबत अँडी ल्युटोमिर्स्की यांनी लिहिलेला एक नियम आला. साध्या प्रोग्रामला फिल्टर लावायचा असेल, तर त्याने आधी जाहीर करायचे की आपण किंवा आपली मुले यापुढे जास्तीचे अधिकार कधीच घेणार नाहीत. सेंडमेलसारख्याला गोत्यात आणायची वाट त्यामुळे बंद होते.

दुसरी मर्यादा फिल्टरच्या नजरेची. ‘ही फाइल उघड’ अशी मागणी येते तेव्हा फाइलचे नाव प्रोग्रामच्या मेमरीत असते आणि कॉलसोबत फक्त त्या जागेचा पत्ता येतो. फिल्टरने ते नाव वाचले आणि मंजूर केले, तरी कर्नल प्रत्यक्ष फाइल उघडेपर्यंतच्या क्षणात प्रोग्रामचा दुसरा धागा (थ्रेड), म्हणजे त्याच मेमरीत समांतर चालणारे काम, ते नाव बदलू शकतो. रॉबर्ट वॉटसन यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की कॉल अडवून तपासणारी तेव्हाची अनेक अवजारे याच युक्तीने फसतात. त्यामुळे सेक्कॉम्पचा फिल्टर पत्त्यामागची मेमरी पाहतच नाही. कोणत्या फाइलींना हात लावायचा हे ठरवणारी लँडलॉक ही वेगळी व्यवस्था लिनक्समध्ये २०२१ साली, ५.१३ आवृत्तीत आली.

प्रोसेसरचा प्रकार तपासणे का गरजेचे, याचे उदाहरण तर क्रमांक एकमध्येच आहे. इंटेलच्या ६४-बिट लिनक्सवर कॉल क्रमांक एक म्हणजे लिहिणे. त्याच यंत्रावर ३२-बिट पद्धतीने बोलावले तर क्रमांक एक म्हणजे बाहेर पडणे. प्रकार न पाहता नुसत्या क्रमांकावर विसंबणारा फिल्टर एका कॉलला परवानगी देतो आणि आत जातो भलताच.

नकार कोणत्या शब्दांत द्यायचा, हाही साधा प्रश्न नाही. २०२१ मध्ये ग्लिब्सी या मूलभूत लायब्ररीची २.३४ आवृत्ती आली. नवा धागा सुरू करण्यासाठी ती क्लोन३ हा नवा कॉल वापरू लागली आणि तो उपलब्ध नसेल तर जुन्या कॉलकडे वळण्याची तयारीही तिने ठेवली होती. पण प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यांत चालवणाऱ्या डॉकरच्या जुन्या यादीत क्लोन३ नव्हता आणि डॉकरचा फिल्टर ‘असा कॉल अस्तित्वात नाही’ असे न सांगता ‘परवानगी नाही’ असे सांगत असे. लायब्ररीने तो निर्णय अंतिम मानला. नव्या लिनक्सचे कंटेनर जुन्या डॉकरवर कोसळू लागले. उत्तराचा सांकेतिक अंक बदलल्यावर काम पुन्हा सुरळीत झाले.

यादी उपयोगी पडली तेव्हा

जानेवारी २०१६ मध्ये लिनक्स कर्नलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात, म्हणजे कीरिंगमध्ये, गंभीर चूक सापडली. साधा वापरकर्ता तिच्या आधाराने प्रशासक होऊ शकत होता. पुढच्याच महिन्यात आलेल्या डॉकर १.१० मध्ये फिल्टर मुळातच चालू होता. तीनशेहून अधिक कॉलांपैकी सुमारे ४४ कॉल तो बंद ठेवतो आणि कीरिंगचे कॉल त्यांतच येतात. ज्या कंटेनरवर हा फिल्टर होता, तिथून ही चूक वापरता येत नव्हती.

जानेवारी २०२२ मधल्या दुसऱ्या प्रकरणाने उलट बाजू दाखवली. फाइल सिस्टीम जोडण्याच्या कोडमधली चूक वापरण्यासाठी हल्लेखोराला आधी एक विशिष्ट कॉल करावा लागे आणि डॉकरचा नेहमीचा फिल्टर तो अडवत असे. पण हजारो कंटेनर सांभाळणारी कुबरनेटीस प्रणाली तेव्हा फिल्टर न लावताच कंटेनर चालवत असे. नेहमीचा फिल्टर सर्वांना लावण्याची तिची सोय २०२३ मध्ये १.२७ आवृत्तीत स्थिर झाली, तरी ती चालू करण्याचा निर्णय आजही प्रशासकालाच घ्यावा लागतो. अवजार तयार असणे आणि ते लावलेले असणे यातले अंतर हा आजचा खरा धोका आहे.

हे अंतर कमी करण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न ओपनबीएसडी या प्रणालीने केला. थिओ डी राट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो कॉलांची यादी प्रोग्रामरच्या माथी मारली नाही. त्यांनी कॉलांचे मोजके गट केले: नुसते वाचन, लेखन, इंटरनेट वगैरे. प्रोग्रामने एका ओळीत वचन द्यायचे की यापुढे मी एवढेच करीन. वचन मोडले की कर्नल त्याला संपवतो. प्लेज नावाची ही व्यवस्था मार्च २०१६ मध्ये ५.९ आवृत्तीसोबत आली तेव्हा प्रणालीतल्या शेकडो प्रोग्राममध्ये ती ओळ आधीच घातलेली होती. वचन देण्याआधी त्या प्रत्येक प्रोग्रामला नेमके काय लागते, हे कोणीतरी बसून पाहिले होते. या क्षेत्रातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम तेच.

उज्जैनच्या खिशातला फोन

अँड्रॉइडवर सगळी अ‍ॅप ‘झायगोट’ नावाच्या एका मूळ प्रोग्राममधून जन्म घेतात. म्हणून अँड्रॉइड ८ मध्ये फिल्टर झायगोटलाच लावला आणि वारशाने तो प्रत्येक अ‍ॅपला मिळाला. ६४-बिट फोनवर २७१ पैकी १७ आणि ३२-बिट फोनवर ३६४ पैकी ७० कॉल बंद झाले. लाखो अ‍ॅप चालू राहायला हवीत, त्यामुळे ही यादी सैल आहे. क्रोमसारखा ब्राउझर आपल्या आतल्या भागांवर याहून कितीतरी कडक यादी लावतो.

जे कॉल सर्वांनाच लागतात, ते बंद करता येत नाहीत. फ्युटेक्स हा कॉल धाग्यांचा ताळमेळ राखतो आणि जवळजवळ प्रत्येक अ‍ॅपला लागतो. २०१४ मध्ये त्यातल्याच एका चुकीचा वापर करून जॉर्ज हॉट्झ यांनी टॉवेलरूट नावाचे अ‍ॅप काढले आणि अनेक फोनांची सगळी कुलपे एका बटणात उघडली. अशा ठिकाणी उपाय उरतो तो चूक दुरुस्त करणारा अपडेट.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना जुना फोन देण्याआधी किंवा बाजारातून वापरलेला फोन घेण्याआधी सेटिंगमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात: अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख. आवृत्ती आठच्या खाली असेल, तर त्या फोनमधल्या अ‍ॅपवर हा पहारा नाही. तारीख दोन-तीन वर्षे जुनी असेल, तर पहारा असूनही मधल्या काळात सापडलेल्या कर्नलच्या चुका तशाच उघड्या आहेत. अशा फोनवर बँकेचे किंवा यूपीआयचे अ‍ॅप ठेवू नये. तो फक्त बोलण्यापुरता वापरावा.