फोटोचा रंग अर्धा उतरवायचा, पण मालाचा नाही



आमच्या बोनकोडे गावातून पश्चिमेला गेलं की ठाणे खाडी. सीझनला तिथे फ्लेमिंगो येतात. खरा पक्षी बघितलात तर बराचसा पांढरट, पंखांत गुलाबी. पण माझ्या दुकानात फ्लेक्स छापायला येणाऱ्या फोटोंत तोच पक्षी स्ट्रॉबेरी आइस्क्रीम झालेला असतो. सॅच्युरेशन ओढलंय शेवटपर्यंत! लोणची, मसाले, साड्या विकणारेही हेच करतात. आज आपण उलटं करणार आहोत. रंग वाढवायचा नाही, उतरवायचा. तोही सगळा नाही.

आधी हिशोब समजून घ्या. फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, 0 ते 255. त्यांतून राखाडी काढायचा: लालचे 0.299, हिरव्याचे 0.587, निळ्याचे 0.114. हिरव्याला जास्त मान, कारण आपल्या डोळ्याला तो जास्त उजळ दिसतो. मग सूत्र एवढंच:

नवा आकडा = राखाडी + प्रमाण × (मूळ − राखाडी)

समजा मिरचीचा ठिपका 200, 40, 40 आहे. राखाडी आला साधारण 88. प्रमाण 0.5 ठेवलं तर नवा ठिपका 144, 64, 64. लाल आहे, पण थकलेला लाल. प्रमाण 0 म्हणजे पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट, 1 म्हणजे मूळ फोटो.

हे गणित हाताने लिहायची गरज नाही. पायथॉनच्या पिलो लायब्ररीत 'इमेजएन्हान्स'मधलं 'कलर' हेच करतं, आकडा फक्त तुम्ही द्यायचा. मोबाइल ॲपमध्येही होतं की, असं म्हणाल. होतं. पण 120 फोटो बोटाने सरकवून बघा, प्रत्येकाचा रंग वेगळा येईल. कोडमध्ये एकच आकडा सगळ्यांना, म्हणून कॅटलॉग एकाच दुकानाचा वाटतो.

आता खरा मुद्दा. थकलेली मिरची कोण विकत घेईल? आणि साडीचा रंग फोटोत वेगळा, हातात वेगळा निघाला की पार्सल परत. समजा तुमचा नफा 150 रुपये, कुरिअर जाता-येता 160. विकूनही 10 रुपये खिशातून गेले. म्हणून मालाचा रंग जसा आहे तसा, उतरवायचं ते मागचं. रंगीत टेबलक्लॉथ, भिंतीवरचं कॅलेंडर, शेजारची बादली. 1993 च्या 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये काळ्यापांढऱ्या गर्दीत त्या छोट्या मुलीचा लाल कोट लक्षात राहतो ना, युक्ती तीच.

कोडला माल कुठला हे कसं कळणार? बरेच जण रंगावरून निवडायला जातात. ओपनसीव्हीमध्ये रंगछटेची पट्टी 0 ते 179 असते आणि लाल रंग तिच्या दोन्ही टोकांना बसतो, 0 च्या पुढे आणि 179 च्या अलीकडे. एकच टोक घेतलं तर कुंकवाची डबी अर्धी राखाडी होते. शिवाय आपल्या हाताची कातडी केशरी छटेजवळ येते, म्हणजे हळदीसोबत बरणी धरणारा हातही रंगीत राहतो.

त्यापेक्षा सोपा मार्ग सांगतो. मोबाइल स्टँडला लावा, टेबलावर खडूने खूण करा, प्रत्येक बरणी त्याच जागी ठेवा. मग एकच मास्क बनवा, फोटोच्याच मापाचा: बरणीच्या जागी पांढरा, बाकी काळा. कडा थोडी धूसर करा, नाहीतर कात्रीने कापल्यासारखं दिसतं. पिलोच्या 'कंपोझिट'ला मूळ फोटो, उतरवलेला फोटो आणि मास्क, याच क्रमाने द्या. पांढऱ्या भागात मूळ रंग राहतो. क्रम चुकला तर बरणी फिकी आणि बादली झकास!

मागच्यासाठी मी 0.3 ते 0.4 ठेवतो. 0 केलं की घरगुती मालाचा फोटो उगाच उदास वाटतो, शोकसभेच्या बॅनरसारखा. दिवाळी फराळाला तर 0.5 च्या खाली जाऊच नका.

आणि तयार फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. मूळ फाइलवर सेव्ह केलं की गेलेला रंग परत येत नाही.