रोजनिशीची खतावणी

नवे वर्ष उजाडले की पुष्कळांच्या हाती नवी दैनंदिनी येते. पहिल्या आठवड्यात तिच्यात सुवाच्य अक्षरांत मजकूर उतरतो. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत अक्षर बिघडू लागते, आणि उरलेली पाने दुधाच्या हिशेबाला उपयोगी पडतात. आळस हे याचे एक कारण खरेच. पण आमच्या मते मुख्य कारण निराळे आहे. ‘सकाळी उठलो, शाळेत गेलो, जेवलो, झोपलो’ हे किती दिवस लिहावे? जे लिहून स्वतःविषयी काहीच नवे कळत नाही, त्याचा कंटाळा आला तर नवल ते काय?

रोजनिशी हा शब्द मुळात दप्तरातला. त्यातील ‘निशी’चा रात्रीशी संबंध नाही, चिटणीस, फडणीस या शब्दांत जो फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा दडला आहे, त्याच्याशी तिचे नाते आहे. जुन्या पेढ्यांवर दिवसाचे व्यवहार जसे घडतील तसे रोजकीर्दीत मांडले जात. पण कोणाकडे किती येणे तुंबले आहे, हे नुसत्या कीर्दीवरून समजत नसे. कीर्दीतील प्रत्येक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती जाई, तेव्हा ते उघड होई. आपण लिहितो ती रोजनिशी म्हणजे केवळ कीर्द असते. आपण जी मूल्ये मानतो, त्यांच्याशी आपल्या कृत्यांची गाठ पडते ती खतावणीत.

अशी खतावणी घालणाऱ्यांत अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. तरुण वयात त्यांनी मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, न्याय इत्यादी १३ गुण निवडले आणि एका लहानशा वहीत प्रत्येकाला एक पान दिले. पानावर तांबड्या शाईने ७ वारांचे ७ उभे रकाने आणि १३ गुणांच्या १३ आडव्या ओळी आखल्या. ज्या गुणात चूक घडेल त्याच्या ओळीत त्या वाराखाली एक काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात एकाच गुणावर कटाक्ष ठेवायचा, बाकीच्यांची केवळ नोंद करायची. वाफ्यांतील तण काढणारा माळी सगळा बाग एकदम साफ करू पाहत नाही, हा त्यामागचा विचार. १३ आठवड्यांची एक फेरी, वर्षाकाठी ४ फेऱ्या. जुने ठिपके खरवडून कागदाला भोके पडू लागली, तेव्हा ओल्या स्पंजाने पुसता येतील अशी हस्तिदंती पाने त्यांनी योजिली!

आपल्यात कल्पनेपेक्षा फारच अधिक दोष आहेत, हे त्या ठिपक्यांनी त्यांना दाखविले. व्यवस्थितपणा तर कधीच साधला नाही. त्यावर १७८४ मध्ये लिहिताना त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली आहे. त्याला आपल्या कुऱ्हाडीचे सगळे अंग धारेसारखे लखलखीत हवे होते. लोहार म्हणाला, ‘तू चाक फिरव, मी घासतो.’ फिरवता फिरवता दमून तो म्हणाला, ‘राहू दे, मला ठिपक्यांची कुऱ्हाडच आवडते.’ आपणही पुष्कळदा अशाच ठिपक्यांच्या प्रेमात पडतो.

परंतु या वहीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘न्याय’ हा त्या तेरांतला एक गुण. तरीही फ्रँकलिन यांच्या घरी पुढे अनेक वर्षे गुलाम होते. १७८७ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले, पण तोवर आयुष्य सरत आले होते. ज्या वर्तनाकडे दोष म्हणून पाहिलेच जात नाही, त्याचा ठिपका कोणत्याही वहीत पडत नाही. म्हणून अधूनमधून रकानेच तपासावे लागतात.

आता आपल्याकडचे एक खाते घेऊ. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या घरांत मायबोलीचा अभिमान नाही असे कोण म्हणेल? स्नेहसंमेलनात त्यावर टाळ्याही पडतात. या अभिमानाच्या नावाने पंधरा दिवस एक खाते उघडावे. आजीला मराठीत पत्र लिहिले, ग्रंथालयातून आणलेल्या कादंबरीची दहा पाने वाचली, धाकट्या भावाला गोष्ट सांगितली, असे जे प्रत्यक्ष घडले तेवढेच त्यात मांडावे. ‘वाचायचे होते’ ही नोंद नव्हे. ‘उद्यापासून’ हा शब्द तर या वहीत वर्ज्यच समजावा. उद्याच्या नावावर उधारी फार सहज मिळते. शेजारीच मोबाईलवर गेलेला वेळही लिहावा. पंधराव्या दिवशी खाते जवळजवळ कोरे निघाले, तर रागावण्याचे कारण नाही. मात्र मग दुसऱ्या दिवशीचे एखादे लहानसे काम ठरवावे, नाहीतर हा अभिमान केवळ व्यासपीठापुरता आहे असे प्रामाणिकपणे त्या पानावर लिहावे. हे दुसरे लिहिणे फार जड जाते, आणि या वहीचा खरा उपयोग तेथेच आहे. कारण आठवण नेहमी आपली वकिली करते, तारीखवार नोंद करीत नाही.

ही वही शिक्षकांनी तपासावयाची नव्हे, वडीलधाऱ्यांनीही उघडावयाची नव्हे. परक्या डोळ्यांचा सुगावा लागला की लेखणी शोभेची कामे नोंदवू लागते. चामडी बांधणीच्या, सोनेरी कडेच्या दैनंदिनीचीही गरज नाही. शंभर पानी साधी वही, समासात खात्याचे नाव आणि निजण्यापूर्वीची दहा मिनिटे एवढे पुरते. प्रारंभी दोनच खाती उघडावीत. तेरा खाती एकदम सांभाळणे फ्रँकलिनसारख्या चिकाटीच्या माणसालाही जड गेले होते.